हौसेचं धरण

मेडशीच्या पलीकडे एका शेतकऱ्यानं नाल्यावर मातीचा बांध घालून केवळ पोहण्याच्या हौसेसाठी तळं केलं होतं. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. येईल त्याला तो तिथं पोहू द्यायचा आणि काठावर बसून प्रत्येकाच्या सूर मारण्याला नावं ठेवायचा.

एका रविवारी मी मित्राबरोबर गेलो, तर तळं निम्मं रिकामं. बनियनवर उभा असलेला तो जाडजूड शेतकरी पाइपातून पाणी नाल्यात सोडत होता.

"पाणी काहून सोडून राह्यले?" मी विचारलं.

त्यानं खाली बोट दाखवलं. बांधाच्या पायथ्यापासून थोड्याच अंतरावर भाजीचा मळा होता, त्यात एका बाईचं घर.

"वहिनी सकाळीच सांगाले आली. बुडातून पाणी रोजच पाझरते, पण आज गढूळ येऊन राह्यलं. म्हंजे आतली माती वाहून राह्यली."

"मग यंदाचं पोहणं गेलं."

"जाऊ द्या. पाणी हाये तोवर तळं साऱ्यायचं. बांध फुटला का मंग माह्या एकट्याचा," तो हसत म्हणाला.

दिवस कलताना पाझर थांबला. बाई चहा घेऊन वर आली.

"वहिनी, आज खुशाल झोपा," तो म्हणाला.

"मले त रोजच झोप लागते, भाऊ. वर तुमी हाय ना."

 कप खाली ठेवून तो पुन्हा एकदा बांधाचं बूड पाहायला उतरला.