सतराव्या पानावरची ओळ

रस्त्यात उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं, तर मुद्दाम त्यावर पाय देऊन जाणारी बाई आहे मी. वरोऱ्याच्या शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवलं. अंगात येणाऱ्या बायकांशी माझं कधी पटलं नाही आणि पटणारही नाही. तरी हे लिहितेय... कारण ती वस्तू अजून माझ्या कपाटात आहे.

साल पंच्याऐंशी. आम्ही माजरीला कोळसा खाणीच्या कॉलनीत राहायचो. शेजारच्या क्वार्टरमध्ये वंदना, म्हणजे आमची वंदी — माझ्याच वर्गात, सहावीत. तिचे बाबा खाणीच्या लॅम्प केबिनमध्ये होते, खाली उतरणाऱ्यांना दिवे द्यायचे आणि वर आल्यावर मोजून परत घ्यायचे. आम्हा दोघींना कॉमिक्सचं भयंकर वेड. सगळी हिंदी — जादूगार, गुप्तहेर, बोलणारे साप. बारुदाच्या रिकाम्या लाकडी पेटीत आमचा खजिना असायचा. पेटी माझ्या घरी, किल्ली माझ्या गळ्यात.

आमचा एक नियम होता. प्रत्येक कॉमिक्सच्या सतराव्या पानावर, खालच्या कोऱ्या पट्टीत, वाचून झाल्यावर नाव लिहायचं. जिनं आणलं तिचं वर, दुसरीचं खाली. कोणी ढापलं तरी आपलं ओळखू यावं म्हणून. हे पान आमच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. वंदी बाबांची कॉपिंग पेन्सिल वापरायची, जिभेला लावली की जांभळी उमटणारी. त्यामुळे तिची जीभ आणि बोटं कायम जांभळी असायची.

आमचं सगळ्यात आवडतं होतं ‘लाल खंडहर का पहरेदार’. पहिल्या भागाच्या शेवटी त्या पहारेकऱ्याला जिवंत भिंतीत चिणतात, आणि बास... पुढचं दुसऱ्या भागात.

“मेला तो,” मी म्हटलं.

“मरत नाई. पाह्यजो तू,” वंदी म्हणाली.

दिवाळीनंतर तिला ताप आला, तो उतरेचना. शेवटी तिची आई तिला घेऊन गोंडपिपरीजवळच्या आजोळी गेली. पेन्सिल सोबत घेऊनच गेली पोरगी.

ती गेल्यावर आठ दिवसांनी माझ्या बाबांनी चंद्रपूरहून दुसरा भाग आणला. कोराकरकरीत! मी आधी सतरावं पान पाहिलं, पट्टी कोरी होती. मग खाकी कव्हर घातलं आणि वाचायला बसले. सोळाव्या पानावर होते, तेवढ्यात दारात वंदीचे बाबा. मी कॉमिक्स उशीखाली सारलं.

“बाई, चिठ्ठी आली, वंदी रोज विचारून राह्यली, दुसरा भाग आला का म्हणून. मी उद्या चाललो तिकडं. असंन तर दे.”

मला तिचे ते ओले जांभळे हात आठवले. नवंकोरं कॉमिक्स खराब होईल, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

“नाई आला, काका.”

“बरं. आला की ठेवजो तिच्यासाठी.”

ते गेल्यावर पुढे वाचवेना. कॉमिक्स पेटीच्या तळाशी घातलं आणि कुलूप लावलं. पाचव्या दिवशी काका आणि काकू परत आले. वंदी नव्हती.

महिनाभर मी पेटीकडे पाहिलं नाही. असल्या गोष्टी म्हणे अमावस्येला घडतात — ही भर दुपारी दोन वाजता घडली, अंगणात आई वड्या वाळत घालत असताना. किल्ली महिनाभर माझ्याच गळ्यात होती, आंघोळीलासुद्धा काढली नव्हती. मी तळातून कॉमिक्स काढलं, सतरावं पान उघडलं.

पट्टीत जांभळ्या अक्षरात लिहिलं होतं — वंदना. ओल्या बोटानं थोडं पसरलेलं.

मी ते घेऊन तशीच काकांकडे धावले. रडत सगळं सांगून टाकलं, खोटं बोलले तेही. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी त्या अक्षरांवरून कितीतरी वेळ बोट फिरवलं.

“तिचंच अक्षर हाये,” ते म्हणाले. “पेन्सिल तर मी मातीच्या वेळी तिच्यासंगच ठेवली होती, तिच्या हातात.” मग म्हणाले, “शेवटच्या सकाळी म्हणे, बाबा, तो पहारेवाला वाचला. मले वाटलं, तापात बडबडून राह्यली.”

आमचे हे म्हणतात, दुःखात तूच लिहिलं असशील. असेलही बाई! पण त्या शेवटच्या सकाळी वंदी जे बोलली, ते कुठे वाचून?

तुम्ही विचाराल, मग दुसऱ्या भागात पहारेकरी जगतो की मरतो? मला माहीत नाही. मी सोळाव्या पानापुढे वाचलंच नाही. शेवट वाचला की नियमाप्रमाणे नाव लिहावं लागेल... आणि वंदीनं तिचं नाव खाली लिहिलंय. वरची ओळ माझ्यासाठी मोकळी ठेवलीय.