भिमामामीचं रोगण

माझ्या इंद्रभानमामाने आयुष्यात एकही मासा धरलेला नाही, आणि गेली तीस वर्षं तो परदेशातल्या माशांना फसवून पोट भरतो. तेही उंद्रीत बसून. सोयाबीन-तुरीच्या गावात हा धंदा सांगितला की लोकांना आधी थट्टाच वाटते. "इंद्रभान मासे धरायले माश्या करते," म्हणून पारावरची माणसं हसतात. हसू देत. कोंबड्याच्या मानेचं एक पीस, सशाच्या केसांची चिमूट आणि रेशमाचा दोरा नखाएवढ्या गळावर असा बांधायचा, की नदीतल्या माशाला ती जिवंत माशी वाटावी. हसणाऱ्यांपैकी एकाने तरी बांधून दाखवावी. मामा हे काम पुण्याजवळच्या एका कारखान्यात शिकला. कारखाना बंद पडला तेव्हा तिथल्या शेठने घरी काम द्यायला सुरुवात केली. पार्सलने गळ आणि पिसं येतात, आणि भरलेले डबे चिखलीहून एस.टी.ने जातात.

पण माशी बांधून झाली म्हणजे काम झालं असं नाही. मुंडीपाशी दोऱ्याची शेवटची गाठ बसते. तिच्यावर रोगणाचा एक थेंब सोडावा लागतो, नाहीतर चार वेळा पाण्यात पडली की माशी सुटलीच. हा थेंब भिमामामीचा. मामा टेबलाच्या या बाजूला, मामी त्या बाजूला, खिडकीकडे तोंड करून. मामाने बांधलेली माशी गळ आवळून धरणाऱ्या शिकंज्यातून काढायची, मान वर न करता हात पुढे करायचा आणि म्हणायचं, "घे वं." तिने म्हणायचं, "द्या." सुईच्या टोकावर थेंब घेऊन ती तो मुंडीवर टेकवायची आणि मग एक बारीक पीस गळाच्या नेढ्यातून ओढून काढायची. नेढ्यात रोगण वाळलं तर गिऱ्हाइकाला दोरा ओवता येत नाही, माशी कितीही देखणी असो. दिवसाला साठ माश्या, म्हणजे साठ वेळा "घे वं" आणि साठ वेळा "द्या". लहानपणी सुट्टीत तिथे जायचे तेव्हा मला वाटायचं, ह्या दोघांना दुसरे शब्दच येत नाहीत.

रोगण निवडायचा मान मामीकडे कसा आला, ते सांगितलंच पाहिजे. वीसेक वर्षांपूर्वी मोठी मागणी आली. मामाने चिखलीहून झटपट चिकटणारा गोंद आणला, क्षणात घट्ट होणारा. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय. मामीने त्या गोंदाची एक माशी वाटीभर पाण्यात टाकून ठेवली आणि सकाळी नखाने दाबली. मुंडी कटकन फुटली. पिसांवर पांढरी बुरशीसारखी पूड आली होती. ती म्हणाली, "धाडू नका. हे कडक होते, पण दोऱ्यात मुरत नाई." मामाने ऐकलं नाही. दोन डबे धाडले आणि दोन्ही परत आले.

तेव्हा मामाने तिच्यासमोर ती गोंदाची नळी उकिरड्यात फेकली आणि शब्द दिला. "आजपासून रोगण तुह्यं. तू पारखल्याबिगर एक थेंब या टेबलावर येनार नाई."  आलेल्या-गेलेल्या प्रत्येकाला मामी हे पुढे वर्षानुवर्षं ऐकवायची. दुसऱ्या बायका नवऱ्याने केलेलं डोरलं दाखवतात तसं.

आणि तिने ते रोगण सांभाळलंही तसंच. मोठी बाटली माठाच्या तिवईखाली, ओल्या वाळूत, चुलीपासून लांब. आमच्याकडच्या उन्हाळ्यात थिनर उडून जातं आणि रोगण गुळाच्या पाकासारखं होतं. कामाला लहान बाटली, बोटाएवढी. प्रत्येक वेळी बाटलीचं तोंड फडक्याने पुसायचं, आट्यांना व्हॅसलीनचं बोट फिरवायचं, मग झाकण. दाट झालं तर थिनर थेंबाथेंबानेच घालायचं, आणि घातल्यावर बाटली हलवायची नाही, तळव्यांत धरून फिरवायची, म्हणजे बुडबुडे येत नाहीत. नवीन बाटली उघडली की पहिला थेंब डाव्या अंगठ्याच्या नखावर. पन्नासपर्यंत मोजायचं आणि बोट फिरवायचं. पुसलं गेलं तर माल वापस. एकदा मी झाकण उघडं टाकून उठले, तर मला म्हणाली, "शाळेत लेकरायले काय शिकवतं वं तू? झाकन लावाले येत नाई तुले!" मी तेव्हा चिखलीत नुकतीच मास्तरीण झाले होते. चारचौघांत माझी अब्रू गेली.

त्यामुळे तीन वर्षांपूर्वी एका दुपारी ती लहान बाटली उघडी दिसली, तेव्हा मला आधी आनंदच झाला. म्हटलं, सापडली! मी झाकण उचलून तिच्यापुढे नाचवलं. मामी झाकणाकडे बघत राहिली. ते कशाचं आहे, हे तिला आठवत नव्हतं.

मग एकेक सुटत गेलं. भाजीत मीठ दोनदा, स्वतःच्या घराचं दार चुकणं. माझं नाव गेलं. मामाचा मुलगा प्रसेनजित नाशिकहून आला, तर त्याला तिने चहा दिला आणि विचारलं, "लगन झालं का बापू तुमचं?" तो न्हाणीत जाऊन रडला. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा विसरण्याचा आजार आहे, वाढत जाईल, गोळ्यांनी फक्त चाल मंदावेल. पुढे पुढे ती मामालाच विचारायची, "भाऊ, तुम्ही कोनाच्या इथचे?" बेचाळीस वर्षांचा संसार, आणि भाऊ! मामा शांतपणे म्हणायचा, "इथलाच हाय."

पण टेबलाशी बसली की ती मामी असायची. हात जराही कापत नसे. "घे वं" ऐकलं की बरोबर "द्या" यायचं. एकदा मी मामाला म्हटलं, आता बंद कर हे, तुझं वय झालं, तिला काही कळत नाही. मामा म्हणाला, "समता, दिवसभर मी तिचा कोनीच नसतो. इथं बसली का मंग मी तिचा असतो. हे कसं बंद करू?"

टेबल चालूच राहिलं. पण गेल्या दिवाळीच्या सुमारास शेठचा फोन आला. एका डब्यातल्या जवळजवळ सगळ्या माश्यांची नेढी रोगणाने बुजलेली होती. मामी थेंब ठेवायची, पण पीस ओढायचं विसरत होती. कधी एकाच मुंडीवर चार-चार थेंब ठेवायची. शेठ भला माणूस, पण त्याने स्पष्ट सांगितलं, असा आणखी एक डबा आला तर काम थांबवावं लागेल. काम थांबलं तर टेबल गेलं, आणि टेबल गेलं तर मामाला तिचा होऊन बसायची तेवढी जागाही गेली.

तेव्हा तोडगा मी काढला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ती अति शहाणी मीच. मी म्हटलं, तिच्या बाटलीत धावड्याच्या डिंकाचं पातळ पाणी भर. दिसायला तसंच दिसतं. तिला करू दे काय करायचं ते. संध्याकाळी माश्या कोमट पाण्यातून काढ, वाळव, आणि पहाटे उठून खरं रोगण तू लाव. मामा बराच वेळ बोटाला दोरा गुंडाळत बसला.

"मी शब्द देलेला हाय तिले," तो म्हणाला.

मला राग आला. त्याचा नाही, सगळ्याचाच. मी म्हटलं, "मामा, ती स्वतःचं नाव विसरली. तुझा शब्द काय ध्यानात ठेवते!"

हे वाक्य मी बोलले. ते परत घेता आलं असतं तर मी काय वाटेल ते दिलं असतं.

मामाने डिंक भिजवला. वास यावा म्हणून झाकणाला आतून खऱ्या रोगणाचं बोट लावलं. मामी बसली, सुई बुडवली, थेंब ठेवला. "घे वं." "द्या." सगळं बिनबोभाट चाललं. माश्यांचे डबे चोख जाऊ लागले, शेठ खूश. मामा पहाटे चारला उठून साठ मुंड्यांना रोगण लावायचा आणि साठ नेढ्यांतून पीस ओढायचा. संक्रांतीला मी गेले तर डोळे सुजलेले, पण चेहरा समाधानी. मला म्हणाला, "बरं सुचलं वं तुले." मी दोन तिळाचे लाडू जास्त खाल्ले, इतकी मी स्वतःवर खूश होते.

माघातला एक रविवार होता. मी खाटेवर वह्या तपासत बसले होते. मामाने सकाळीच लहान बाटली धुऊन तिच्यात ताजं डिंकाचं पाणी भरलं होतं. बाटली कोरी दिसली म्हणून असेल, किंवा हाताचं हातालाच आठवलं असेल, मामीने पहिला थेंब माशीवर ठेवला नाही. डाव्या अंगठ्याच्या नखावर ठेवला. ही पारख ती वर्षभर विसरलेली होती. मामाचा हात शिकंज्यावर तसाच थांबला. मी वही मिटली.

ती मोजायला लागली. एक, दोन, तीन. पोटच्या मुलाला न ओळखणाऱ्या त्या बाईची पन्नासपर्यंतची मोजणी कुठेही चुकली नाही. मग तिने बोट फिरवलं. थेंब पुसला गेला.

"हे रोगन नाई," ती म्हणाली.

 तिने मान वर करून मामाकडे पाहिलं. त्या टेबलाशी बसून तिने परक्यासारखं त्याच्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

"भाऊ, कोन हो तुम्ही? मले येडी समजून राह्यले का?"

"भिमा, चुकलं माहं," मामा म्हणाला.

"प्रसेनजितच्या बाबायनं मले शब्द देला हाय. मी पारखल्याबिगर थेंब येनार नाई इथं. ते असते तं असं पानी त्यायनं मले देलं असतं का?" तिने बाटली टेबलाच्या कडेला सरकवली. "येऊ द्या त्यायले घरी."

मामा धडपडत उठला, माठाखालच्या वाळूतून मोठी बाटली काढली आणि तिच्यापुढे ठेवली. हात वाळूने भरलेले. "हे घे. हे खरं हाय. पारख तू." तिने बाटलीला हातही लावला नाही. सुई फडक्याला पुसली, फडकं घडी करून ठेवलं आणि म्हणाली, "ते आल्यावर करीन."

त्यानंतर ती टेबलाशी बसली नाही. मामाने खूपदा "घे वं" म्हणून हात पुढे केला. ती परपुरुषाला बघून पदर सावरावा तसा पदर सावरते आणि उठून जाते. मला वाटायचं, माणूस विसरला म्हणजे त्याच्याजवळचं सगळं सांडलं. तिने मामाचा चेहरा सांडला होता, आवाज सांडला होता, पण त्याचा शब्द धरून ठेवला होता. आणि तोच मी त्याला मोडायला लावला. मामा मला एका अक्षराने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

आता ती दुपारभर उंबऱ्यावर बसते, वाटेकडे डोळे लावून. मामाने काम कमी केलंय. तोही तिच्या शेजारी येऊन बसतो, जरा अंतर ठेवून, कारण जवळ सरकला तर ती आत निघून जाते. परवा मी गेले तेव्हा दोघं तसेच बसले होते.

"कोनाची वाट पाहून राह्यल्या बाई?" मामाने विचारलं. तो हे रोज विचारतो.

"प्रसेनजितच्या बाबायची," मामी म्हणाली. "लय इमानाचा मानूस हाय, भाऊ. दिल्या शब्दाले जागते."

"येतीन मंग," मामा म्हणाला, आणि तोही तिच्याबरोबर रस्त्याकडे बघत बसला.