तीन मुली आणि एकच उत्तर

एरवी मला अरे-तुरे करणारी माझी बायको ‘अहो’ म्हणाली की समजावं, आभाळ फाटलंय. त्या दिवशी ऑफिसात तिचा फोन आला आणि पहिलाच शब्द ‘अहो’ होता.

“अहो, शाळेतून मेल आलीय. तुमच्या लाडक्या क्लासचा निकाल लागला. तिघींनाही शून्य.”

क्लास माझाच. टेक्सासमधल्या फ्रिस्कोतल्या आमच्या गराजमधून गाड्या बाहेर काढून मी अकरावीतल्या माझ्या मुलीची आणि तिच्या दोन मराठी मैत्रिणींची उजळणी घेत होतो. विषय होते अमेरिकन साहित्यातले प्रवाह आणि इंग्रजी व्याकरण. मी पेशाने डेटाबेसवाला. साहित्याशी माझा संबंध एवढाच, की कॉलेजच्या नाटकात एकदा न्यायाधीश झालो होतो. पण त्याने काय अडतं? प्यूरिटन, म्हणजे ते कर्मठ धर्मवाले, आले की बायकोची काळी ओढणी पांघरून मी मुलींना नरकाची भीती घालायचो. रोमँटिसिझमला स्टुलावर चढून आभाळाकडे हात. वास्तववाद आला की खाली उतरायचं आणि घाम पुसायचा. टेक्सासच्या गराजमध्ये त्याला अभिनय लागत नाही. मॉडर्निझमला वाक्य अर्धं तोडून निघून जायचं. हा प्रवाह मुलींना फार आवडायचा, कारण मी खरंच निघून जायचो. व्याकरणासाठी स्वल्पविरामाला टाळी, पूर्णविरामाला पाय आपटायचा. समोरचे अमेरिकन आजोबा कुत्र्याला नेमके त्याच वेळी फिरवायला काढू लागले.

आणि मग मी ब्रह्मास्त्र काढलं. आदर्श उत्तर! आमच्या शाळेत सर फळ्यावर एक उत्तर लिहून द्यायचे, सगळा वर्ग ते घोकायचा, आणि जो विरामचिन्हांसकट पेपरात उतरवायचा तो हुशार. मी वास्तववादावर असंच एक उत्तर इंग्रजीत रचलं. सुरुवात अर्थातच ‘साहित्य हा समाजाचा आरसा आहे’. मुलीच्या मैत्रिणी म्हणाल्या, “काका, असं पाठ करून चालतं?” मी म्हणालो, “चालतं काय, धावतं!”

धावलं ते असं. मेलमध्ये लिहिलं होतं, उत्तरं शब्दशः सारखी आहेत. कॉपी सिद्ध झाली तर शून्य कायम आणि हुशार मुलांच्या ऑनर्स वर्गातून बाहेर. माझ्या मुलीने त्या वर्गात जागा मिळवायला अख्खा उन्हाळा पुस्तकांत घालवला होता. ती माझ्याशी बोलेना. बाकी दोघींच्या आईवडिलांनी एका सुरात कळवलं, “क्लास तुझा, तूच निस्तर.”

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही दोघं आणि तिघी मुली वर्गात. बाकाला जोडलेली खुर्ची, त्यात माझं पोट अडकलेलं, एसीने दात वाजतायत आणि माझा गुडघा आपोआप हलतोय. बायकोने त्यावर हात ठेवला. मग दुसरा हलायला लागला.

टीचरबाई तरुण होत्या, रागावलेल्या नव्हत्या, आणि तेच जास्त भयंकर वाटत होतं. त्यांनी तीन पेपर शेजारी शेजारी मांडले. “परिच्छेद सारखे, वाक्यं सारखी. चुकीच्या जागी पडलेला सेमीकोलनसुद्धा सारखा.”

“तो सेमीकोलन माझा आहे,” मी म्हणालो.

समजावण्यापेक्षा दाखवणं बरं, म्हणून मी कसाबसा खुर्चीतून सुटलो आणि उत्तर म्हणायला लागलो. सगळं. हातवाऱ्यांसकट. पहिला स्वल्पविराम आला आणि मी टाळी वाजवली, तर मागून आणखी तीन टाळ्या! मुलींनी मान खाली घातली होती, पण हात ऐकेनात. पूर्णविरामाला चौघांचे पाय एकदम आपटले. शेवटी बाईंच्या ओठांचा कोपरा हलला.

“म्हणजे तुम्ही एकमेकींचं बघून लिहिलं नाही.”

“छे!” मी म्हणालो.

“पण मग या उत्तरांत या मुली कुठे आहेत?”

“आहेत की. वर तिघींची नावं आहेत.”

बायकोने असा चिमटा काढला की मी खाली बसलो.

बाईंनी तिघींसमोर एक न वाचलेला उतारा ठेवला. नवरा गावाला गेलाय, एक बाई माळरानावरच्या घरात एकटी आहे आणि कोंबड्यांशी बोलते. हा कुठला प्रवाह आणि तसं का वाटतं, ते लिहा. निर्णय यावरच.

मुली लिहायला लागल्या आणि माझे हाल सुरू झाले. भिंतीवरचे तक्ते वाचून झाले. पाणी पिऊन झालं. मुलीने पेन थांबवलं की माझा जीव वर, खसाखसा खोडलं की आणखी वर. तिला ‘आरसा’ आठवत नसेल का? मी खाकरलो.

“बाबा, प्लीज,” ती मागे न बघता म्हणाली.

बाईंनी तिघींचे कागद तिथेच वाचले. माझ्या मुलीचा दोनदा. मग तिला विचारून मोठ्याने वाचला. तिने लिहिलं होतं, हा वास्तववाद आहे, कारण बाई दुःखी आहे असं लेखक कुठेच म्हणत नाही, तो फक्त कोंबड्या दाखवतो. पुढे लिहिलं होतं, मी लहान असताना आम्ही जवळच्याच प्लेनो शहरात अपार्टमेंटमध्ये राहायचो. आईला व्हिसामुळे नोकरी करता यायची नाही, गाडी एकच आणि ती बाबा न्यायचा. आई वॉशिंग मशीनशी बोलायची. ती कुणी तरी मावशी असेल असं मला वाटायचं.

त्यात स्वल्पविराम बरेच होते, तरी मी एकदाही टाळी वाजवली नाही. हात मांडीखाली दाबून बसलो होतो.

“शून्य काढून टाकते,” बाई म्हणाल्या. “तिघींचंही. वर्गही बदलणार नाही.”

बाकीच्या दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. माझी मुलगी मात्र आईकडे बघत होती. बायकोने ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं आणि मराठीत म्हणाली, “वॉशिंग मशीन नव्हतं गं ते. डिशवॉशर होता. आणि मी बोलत नव्हते, भांडत होते. तुझा बाबा घरी कुठे असायचा भांडायला?”

बाईंनी भाषांतरासाठी माझ्याकडे बघितलं.

“शी सेज थँक यू,” मी म्हणालो.

“बाबा!” मुलगी म्हणाली. “दॅट इज नॉट व्हॉट शी सेड.” आणि बाईंकडे वळून तिने आईचं वाक्य इंग्रजीत शब्दाला शब्द सांगितलं.