भारीतला कीबोर्ड

शहाद्यात कचेरीसमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये अर्ज टाइप करून देणारे आम्ही दोघंच. मी टाइपरायटरच्या काळापासूनचा. शेजारच्या टेबलावरच्या बाई नंतर आल्या. मराठी टायपिंगमध्ये माझा हात धरणारं कोणी नाही, हे कचेरीतला शिपाईसुद्धा सांगेल. तरी दिवाळीनंतर माझं बाकडं रिकामं राहू लागलं आणि त्यांच्यापुढे माणसं उभी राहू लागली.

कारण कानावर पडतच होतं. बाईंनी मेकॅनिकल कीबोर्ड घेतला होता. बटण दाबलं की टक्क. आमचं गिऱ्हाईक स्क्रीनकडे बघत नाही, कान देऊन बसतं. टाइपरायटरपासूनची सवय. आवाज चालू म्हणजे आपलं काम चालू. थांबला की लगेच मान वर. माझ्या जुन्या कीबोर्डाची नुसती कुरकुर. माझा जळफळाट व्हायचा. डब्यातली भाजीसुद्धा गोड लागेना. त्या चहाला उठल्या की मी त्यांच्या कीबोर्डाकडे असा बघायचो, जणू माझाच पळवून नेलाय.

घरी सांगितलं, मेकॅनिकल घ्यायचाच. बायकोनं विचारलं, आहे त्याच्यानं अक्षरं उमटत नाहीत का? उमटत होती. पण मला बाईंपेक्षा वरचढ हवा होता. मोबाइलवर व्हिडिओ बघबघून डोळे चुरचुरायला लागले. बटणांखाली बसणाऱ्या स्विचचे प्रकारच किती, प्रत्येकाचा रंग वेगळा, गुण वेगळा. पण बोटांना सगळ्यात मऊ आणि खिशाला सगळ्यात जड कुठला, यावर सगळ्यांचं एकमत होतं. मी तोच मागवला. स्कूटरचं टायर बदलायचं राहिलं, ते राहू दिलं. मराठी अक्षरांचे स्टिकर स्वतः चिकटवले आणि सोमवारी नवरदेवासारखा टेबलाशी बसलो.

तापीकाठच्या गावातले एक म्हातारेबाबा आले. माझं जुनं गिऱ्हाईक. शेतरस्त्याचा अर्ज होता. बोटं नुसती पळत होती. असं सुख मला टाइपरायटरनं कधी दिलं नव्हतं. निम्मा अर्ज झाला तेव्हा बाबा म्हणाले, "भाऊ, कव्हय सुरू करशी? मन्ही गाडी निंघी जाई."

मी चालूच आहे म्हणालो. त्यांनी कान टवकारले. माझ्याकडून काहीच येत नव्हतं, शेजारून टकटक येत होती. मी बटणं आपटून पाहिली. महागाचा माल, हूं का चूं नाही. बाबांनी कागद उचलला आणि सरळ बाईंच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले.

बाईंनी तो कागद घेतला असता तर बरं झालं असतं. मनसोक्त जळता तरी आलं असतं. पण बाईंनी हात थांबवला आणि त्यांना परत पाठवलं.

"बाबा, दादा लिखीच ऱ्हायनात. त्यासना कीबोर्ड मन्हापेक्षा भारी शे, आवाज करत नही."

बाबा येऊन बसले. ज्या एका वाक्यासाठी मी एवढा खर्च केला होता, ते बाईंनी सगळ्या शेडसमोर बोलून दाखवलं होतं. मी मान खाली घालून उरलेला अर्ज पुरा केला, आणि त्या दिवशी मला त्यांचा जेवढा राग आला तेवढा आधी कधीच आला नव्हता.