‘मग?’ची शिकवणी

माझ्या शिकवणीत आधी तोंड उघडतं, वही नंतर. इंग्रजीत निबंध लिहायचा असला की मुलाने उभं राहून तो आधी मराठीत सांगायचा आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्यानंतर एकच शब्द विचारायचा, ‘मग?’ सांगणाऱ्याला उत्तर द्यावंच लागतं. ‘मग काही नाही’ चालत नाही. सगळं सांगून संपलं की पेन हातात घ्यायचं आणि इंग्रजीकडे वळायचं. शिरूर कासारात इंग्रजीच्या शिकवण्या गल्लोगल्ली आहेत, पण हा गोंधळ फक्त आमच्या ओसरीवर असतो. नवीन मुलांचे पालक पहिल्या आठवड्यातच चौकशीला येतात, ‘मॅडम, पोरं इंग्रजी शिकायला धाडली का गप्पा हाणायला?’ मी म्हणते, गप्पा हाणायलाच. ज्याला गप्पा मारता येत नाहीत तो लिहिणार काय, कपाळ?

ही पद्धत कुठल्या प्रशिक्षणातून आलेली नाही, वैतागातून आलेली आहे. एकदा दहावीच्या मुलांना दिवाळीवर लिहायला सांगितलं. वह्या तपासायला घेतल्या तर सगळ्यांची दिवाळी एकच, गाईडमधली. घर पाहुण्यांनी भरलेलं आहे, वडील नवे कपडे आणताहेत, आई करंज्या तळते आहे. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. कारण वर्गातली निम्मी मुलं ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली. दसरा झाला की या घरांना कुलपं लागतात आणि दिवाळीत आईबाप कुठल्यातरी कारखान्याच्या फडात ऊस तोडत असतात. तरी त्यांच्याही वहीत पाहुणे आणि करंज्या! खूप बोलले मी त्या दिवशी. घरी कोणी नसतं, मग पाहुणे काय कुलूप फोडून आले का, असंही विचारलं. एक मुलगा खाली मान घालून म्हणाला, ‘मॅडम, आमच्या दिवाळीला मार्क न्हाईत.’ त्या दिवसापासून ‘मग?’ सुरू झालं.

मागच्या वर्षी दहावीच्या मुलांत एक मुलगी आली. गावाबाहेरच्या वस्तीवरून चालत यायची, दाराशी चपला जुळवून ठेवायची आणि भिंतीला टेकून बसायची. सुरुवातीला तिच्याकडून ‘हो’ आणि ‘न्हाई’ यापलीकडे काही निघेना. तिची पाळी आली तेव्हा मी मुद्दाम दिवाळीच दिली.

‘दिवाळीला आमी हितं नसतो,’ ती म्हणाली.

‘मग?’ सगळा वर्ग.

‘फडात असतो. आई-पप्पा अंधारातच तोडीला जात्यात. मी बारकीला घिऊन कोपीवर राहाते.’ बारकी म्हणजे तिची धाकटी बहीण, आणि कोपी म्हणजे तोडकऱ्यांची उसाच्या पाचटाची झोपडी, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही.

‘मग?’

‘बारकी रडती. मग मी तिला उसाच्या पाल्याची बाहुली करून देते.’

‘मग?’

‘सांजच्याला पणती लावतो. पर दारात न्हाई. कोपी पाचटाची, पेट घेईल. म्हनून लांब एका दगडावर ठिवतो आन् दारात बसून बघतो.’

मी तिच्यापुढे वही सरकवली. तिने ते इंग्रजीत लिहिलं तेव्हा व्याकरणाच्या चुका होत्या, पण त्यात एक वाक्य असं होतं: वी कीप अवर लॅम्प फार फ्रॉम अवर हाऊस. इतकी वर्षं मी इंग्रजी शिकवते आहे, पण असं वाक्य त्याआधी कुठल्या वहीत मिळालं नव्हतं. त्यानंतर ती लिहायला लागली. शेळीवर लिहिलं, पाण्याच्या टँकरवर लिहिलं, मुकादमाच्या मोटारसायकलवर लिहिलं. माझ्यावरही लिहिलं. मी रागावले की चष्मा कपाळावर ढकलते, हे मला त्या निबंधातून कळलं.

नवरात्रात घट बसले तेव्हा ती जाताना दारात रेंगाळली. म्हणाली, ‘मॅडम, दसरा झाला की मी येनार न्हाई. ट्रक येनार हाय.’

मी चष्मा कपाळावर ढकलला. आठवीपर्यंत ती दरवर्षी फडावर जायची. परत आली की शाळेतले गुरुजी सांभाळून घ्यायचे. नववीत दिवाळीनंतर आजीने तिला आणि बारकीला फडावरून गावी आणलं, म्हणून वर्ष वाचलं. त्या उन्हाळ्यात आजी वारली. आणि दहावीचं बोर्ड काही कुणासाठी थांबत नाही, परीक्षा येते ती ऐन तोडीच्या हंगामात. ट्रकमध्ये बसली की या मुलीची दहावी संपली. आणि दहावी संपलेल्या मुलीचं पुढे काय होतं ते मी या ओसरीवरून बरंच पाहिलेलं आहे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी निघाले. काय बोलायचं ते वाटेत जुळवत गेले. पोचले तर ट्रक दारात उभा होता. पेटी, पिठाची पोती, चुलीसाठी तीन दगडसुद्धा चढवलेले. वडील वर उभं राहून दोर आवळत होते, आई खालून गाठोडी देत होती. मुलगी बारकीला कडेवर घेऊन उभी होती. मी सुरू केलं. शिक्षणाचं महत्त्व सांगितलं, मुलींनी कुठं कुठं मजल मारली ते सांगितलं, देशाची प्रगतीही काढली. वडील प्रत्येक वाक्याला ‘बरोबर हाय मॅडम’ म्हणत होते आणि दोर आवळत होते. बोलता बोलताच माझ्या लक्षात आलं की मी गाईडमधला निबंध म्हणून दाखवते आहे. पाहुणे, करंज्या, सगळं आहे, फक्त हे घर त्यात नाही.

आईने हातातलं गाठोडं खाली ठेवलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता. ‘मॅडम, तुमचं पटतंय. पर बारकीला कोन बगील? फडात कोयते चालू असत्यात, ट्रॅक्टर मागंफुडं होत असतो. लेकरू मोकळं सोडता येतंय का? हितं ठिवावं तर हिची आत्या दिसभर कामाला. ही साळंत गेल्यावर बारकीनं कुटं जावं?’

माझ्या सगळ्या भाषणात बारकी कुठंच नव्हती. मला स्वतःचीच चीड आली.

तेव्हा मुलगी बोलली. ‘आई, औंदा मी येते. मग?’

‘मग काय, बारकीला सांबाळायचं.’

‘मग?’

‘मग पाडव्याच्या आसपास माघारी यायचं.’

‘परीक्षा झाल्याली असंल. मग?’

‘मग फुडच्या वरसाला बगू.’

‘फुडच्या वरसाला बी बारकी बारकीच हाय. मग?’

आई चिडली. ‘काय मग मग लावलंय गं? मग लगीन करायचं. जोडी झाली की तुजा तू कोयता धरायचा.’ तोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात, एकट्या बाईला कुणी विचारत नाही.

‘मग?’

‘मग लेकरं व्हत्यात. आनिक काय!’

‘मग मी तोडीला गेल्यावर त्यास्नी कोन बगील?’

मुलगी उद्धटपणे विचारत नव्हती. वर्गात विचारते त्याच आवाजात विचारत होती, पुढचं खरंच कळायला हवं म्हणून. आई म्हणाली, ‘त्यांच्यातली थोरली बगील,’ आणि तिथंच थांबली. मुलीकडे पाहिलं, तिच्या कडेवरच्या बारकीकडे पाहिलं. मग खाली ठेवलेल्या गाठोड्यावर बसली. कुणाकडेच न बघता म्हणाली, ‘मी बी थोरलीच व्हते. माज्या भावाला घिऊन कोपीवर बसायचे.’

ट्रकवर वडिलांनी दोर सोडून दिला होता. ड्रायव्हरने एकदा हॉर्न वाजवला, तर ते त्याच्यावरच खेकसले, ‘थांब बे जरा!’

आईने पदराने तोंड पुसलं आणि मला विचारलं, ‘मॅडम, दोगींना ठिवलं तर बारकीला दुपारी तुमच्या वर्गात बसवताल का? लई रडती ती, आधीच सांगते.’

मी हो म्हटलं. बाकीचं तिथंच ठरलं. रात्री आत्याकडे, सकाळी बारकी अंगणवाडीत, दुपारपासून थोरलीची शाळा आणि शिकवणी संपेपर्यंत माझ्या ओसरीवर. सोपं होतं. पण यातलं अवघड काय ते मला आईने गाठोडं सोडलं तेव्हा दिसलं. वर चढवलेल्या सामानातून बारकीचे कपडे तिने एकेक करून वेगळे काढले. छोटा स्वेटर नाकाशी धरला आणि मुलीच्या हातात दिला. दिवाळी, संक्रांत, होळी, एवढे दिवस ती लेकींना बघणार नव्हती. थांबायचं मुलीला मिळालं, पण त्यासाठी जे सोडायचं होतं ते आईने सोडलं. ट्रक निघाला तेव्हा बारकीने वस्ती डोक्यावर घेतली आणि तिच्याबरोबर मीही रडले. लाज वाटायचं काही कारण नाही त्यात.

बारकी खरंच लई रडायची. पहिले काही दिवस आमच्या ओसरीवर इंग्रजीपेक्षा तिचाच आवाज जास्त होता. मग मुलांनी तिला मधे बसवायला सुरुवात केली आणि ती सगळ्यात मोठ्याने ‘मग?’ ओरडायला शिकली. कळत काही नसायचं, पण एकही वाक्य सोडायची नाही.

दिवाळीच्या सुटीतही मी दहावीचा वर्ग ठेवते. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी तोंडी निबंधाला उभी राहिली, तेवढ्यात आईचा फोन आला. फडात जेवणाची सुटी झाली होती. काय करतीस, असं विचारलं. ‘वर्गात हाय. दिवाळीचा निबंध सांगायचा हाय,’ मुलगी म्हणाली.

‘मग सांग की. मला बी ऐकू दे.’

मी मान हलवली. मुलीने फोनचा आवाज मोठा केला आणि तो बारकीच्या मांडीवर ठेवला.

‘यंदा दिवाळीला आम्ही गावात आहोत,’ तिने सुरुवात केली. मुलांनी सवयीने तोंडं उघडली, पण त्यांच्या आधी फोनमधून आवाज आला.

‘मग?’

पोरं हसली. मुलगी हसली नाही.

‘मग सांजच्याला पणती लावली.’

‘मग?’

‘दारातच लावली, आई. उंबऱ्याला खेटून.’

फोनमधून लांबून कुणीतरी आईला कामाला हाका मारताना ऐकू आलं. तरी ती गेली नाही.

‘मग?’ तिने विचारलं.