आप्पांची राख

आमच्या आप्पांच्या रक्षाविसर्जनाला सगळे होते, फक्त आप्पा नव्हते.

आप्पा म्हणजे माझे चुलते. निपाणीकडच्या नदीकाठी एका जुन्या साखर कारखान्यात ते वाफेच्या छोट्या इंजिनाचे ड्रायव्हर होते. पूल नव्हता तेव्हा पलीकडचा ऊस नावांतून धक्क्यावर यायचा आणि हे इंजिन तो कारखान्यात ओढून न्यायचं. पुढे कारखाना बंद पडला, पण आप्पांनी इंजिन भंगारात जाऊ दिलं नाही. आम्हा रिकामटेकड्यांना (कुणी निवृत्त मास्तर, कुणी निवृत्त फिटर, सगळे बायकांना घरात नकोसे झालेले) जमवून त्यांनी ते परत चालू केलं. दर रविवारी निपाणी-बेळगावची माणसं पोरंबाळं घेऊन येतात. आधी गाडी, मग धक्क्यावरून नावेत एक फेरी. आम्हाला पगार नाही, कपडे मात्र काळे होतात.

काकूला आप्पांनी त्या गाडीत कधी बसवलं नाही. "कोळसा उडतोय, लुगडं जळंल," म्हणायचे. लोकांच्या बायकांना मात्र हात देऊन चढवायचे! आप्पा गेले तेव्हा काकू रडली नाही. एवढंच म्हणाली, "त्यांच्याच गाडीतनं न्यायचं त्यास्नी. मांडीवर घिऊन. मग नावंतनं सोडायचं." तिनं आमच्याकडे कधी काही मागितलं असेल तर ते एवढंच, आणि ते मी अंगावर घेतलं. घरच्यांनी मला अडवायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी रक्षा सावडून पांढऱ्या पोत्यात भरली. काकू यायच्या आत मी ते पोतं शेडमध्ये नेऊन ठेवलं, कारण इंजिनात वाफ धरायची होती. शिवाप्पा हा आमच्यातला संकेश्वरचा जुना फिटर. तो पितळ घासायच्या तयारीत होता.

"शिवाप्पा, कोपऱ्यात आप्पांची राख ठेवलीय," मी म्हणालो.

"बरं झालं, सर," तो म्हणाला.

आता आमच्या शेडमध्ये 'आप्पांची राख' म्हणजे वर्षानुवर्षं एकच वस्तू. इंजिनाच्या भट्टीतली राख आप्पा पोत्यात साठवायचे आणि तिनंच घंटा, नळ्या, पाटी घासायचे. दुसऱ्या कुणाच्या हातची राख त्यांना चालत नसे. ते पोतंही त्याच कोपऱ्यात, तसंच पांढरं. शिवाप्पानं पुढचं पोतं उचललं. निघताना मी उरलेलं उचललं आणि काकूच्या मांडीवर ठेवलं.

गाडी हलली तशी काकूनं पोत्याला मिठी मारली आणि कोंडलेलं रडू बाहेर पडलं. रडता रडता ती पोत्याशी बोलत होती. "बसले का न्हाय मी शेवटी? जळलं का लुगडं?" आम्ही सगळेच रडलो. (कोळशाच्या राखेसाठी इतकं जगात कुणी रडलं नसेल!)

नदीच्या मध्यावर नाव थांबवली. मी गाठ सोडली. काकूनं हात घातला आणि एक काळा खडा बाहेर काढला.

"ह्ये काय रं?"

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवलंय. तो अर्धवट जळलेला कोळसा आहे हे मला तिथंच कळलं.

"हाड, काकू."

"एवढं काळं?"

"जन्मभर धूर गिळला की त्यांनी."

तिनं तो खडा कपाळाला लावला आणि पाण्यात सोडला. मला वाटलं, आपणही उडी टाकावी. पण मला पोहता येतं.

परत आल्या आल्या मी शेडमध्ये पळालो. खरं पोतं शोधून गुपचूप नदीवर न्यायचं ठरवलं होतं. कोपरा रिकामा.

"राख निम्मी उरलीया, सर," मागून शिवाप्पा म्हणाला. "पुढच्या रविवारला पुरंल. लई ब्येस राख. खडं तेवढं लई हुतं, चाळून काढलं."

दारात काकू उभी होती. "कुणाची राख?"

"आप्पांची," शिवाप्पा म्हणाला. आणि म्हणता म्हणताच हातातली पितळ घासायची चिंधी त्यानं अलगद खाली ठेवली.

काकू इंजिनापाशी गेली. घंटेत तिचं तोंड दिसत होतं.

"जित्तं हुते तवा बी ह्येच पुसत बसायचे," ती म्हणाली. "मेल्यावर बी त्येच कराय लागल्यात."

आणि हसली. ते हसणं ऐकवत नव्हतं.

मग तिनं उरलेलं पोतं मागितलं. चाळणी मागितली. "त्या चिंध्या बी द्या. त्यात बी हायत ते." गाडी परत निघाली. या वेळी काकू इंजिनातच चढली आणि कुणाची अडवायची छाती झाली नाही. पोत्यातलं, चाळणीतलं, तेलकट चिंध्या, सगळं तिनं हातानं नदीत सोडलं. शिवाप्पा घंटा धुवायला निघाला तर म्हणाली, "तेवढे ऱ्हाऊ द्यात हितं."

मला ती एका शब्दानं बोलली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पितळ घासायचं काम मात्र तेव्हापासून माझ्याकडे आलंय. दर रविवारी शिवाप्पा राखेचं पोतं माझ्यापुढं आणून ठेवतो आणि सगळ्या पाहुण्यांदेखत, अगदी अदबीनं विचारतो,

"सर, ह्ये कोण?"