कुंकू एका ताण्याचं

बायाक्का,

सदलग्याला लेकीकडं जाऊन बसलीस आणि इथं टिळकवाडीत माझा गुरुवार रिकामा करून ठेवलास. रागावून लिहीत नाही. आभार मानायचे राहिलेत. तोंडावर मानले असते तर "चहा टाका आक्का, आभार ऱ्हाऊ दे" म्हणाली असतीस. म्हणून कागदावर.

आमचे हे गेले तेव्हा भेटायला येणारी माणसं तेराव्यानंतर दिसेनाशी झाली. तू मात्र दर गुरुवारी साड्यांचं गाठोडं घेऊन शहापूरहून यायचीस. गाठोडं सोडायचीही नाहीस. "आक्का, जेवलासा काय? तोंड सांगालंय न्हाय म्हणून!" आणि सरळ स्वयंपाकघरात.

म्हणून साड्यांचा व्यापारी नागेंद्र तुझे दोन्ही माग तीन वर्षं फक्त स्वतःच्या दुकानासाठी बांधून घ्यायला निघाला, तेव्हा माझाही जीव टांगणीला लागला. बाहेर साडी विकायची नाही, म्हणजे गाठोडं नाही. गाठोडं नाही, म्हणजे तू नाहीस.

त्यानं पुढं केलेल्या कराराच्या कागदावर तू सही केली नव्हतीस. "बघून सांगतो" एवढंच म्हणालीस. तू घरी नसताना त्याच्या माणसानं मागावर चढवायचा ताणा, उभ्या सुताचा तो गुंडाळा, दारात आणून ठेवला. तुमच्या घरात नवा ताणा बिनकुंकवाचा राहत नाही. सून रचनानं कुंकू लावलं, ओवाळलं. माणसानं फोटो काढला. झालं! नागेंद्र म्हणे, करार पक्का.

तू तर त्याच्यापेक्षा वरचढ. "कुंकू लावल्यावर न्हाय म्हणू कसं, आक्का?"

"अगं, तुला विचारलं होतं, रचनाला नव्हे. होकार तू द्यायचास."

"सून माझीच न्हवं?"

कायदा शिकलेली मी कपाळाला हात लावून बसले. मग तुला घेऊन तडक त्याच्या दुकानात गेले.

"फोटो हाय माझ्याकडं," नागेंद्र म्हणाला.

"त्यात तीन वर्षं कुठं दिसतात ते दाखव. करार व्हायला दोघांच्या मनात एकच गोष्ट असावी लागते, आणि दोघांनी ती राजीखुशीनं कबूल करावी लागते. बायाक्का, कुंकू कशाला लावलंय?"

"ताण्याला."

"किती ताण्यांना?"

तू हसलीस. "एकच आणून टाकलाय की त्यांनी!"

"मग एवढा विणून देशील?"

"देतो. मजुरी नेहमीची. पुढचं न्हाय."

नागेंद्रनं तुझ्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहायचं टाळलं आणि म्हणाला, "बरं, तेवढा तर द्या." तो खरा करार. त्यानं मागितलं, तू मान्य केलंस, काम आणि मजुरी दोन्हीकडून ठरली. कागद नव्हता, तरी तू शेवटची साडीसुद्धा वेळेत दिलीस.

आणि पुढच्या गुरुवारी गाठोड्यासकट आलीस. त्या दिवशी मी तुला चहा दिला. खरं तर पाया पडायला हवं होतं.

तो बिनसहीचा कागद त्याच्याकडून परत आणून फाडायचा, असं तू शंभरदा म्हणालीस. "त्याला काडीची किंमत नाही," मी म्हणायचे. "असू दे, तरी जाऊया." जाऊया, म्हणायचो आणि दुसरा कप ओतायचो. अजून त्याच्या कपाटातच असेल. तू ये, मग जाऊ.